चूल म्हणजे सूर्य

गटाच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं, "मी कुठं शिकलेय, पोरांचा अभ्यास काय घेणार?" ताई, त्यासाठी पुस्तक वाचता आलंच पाहिजे असं नाही. तुमचं घर तुम्हाला पाठ आहे ना? मग झालं.

सूर्यापासूनचे ८ ग्रह घ्या. पोरं नावं घोकतात आणि परीक्षेत गुरू आधी की शनी, इथं अडकतात. नुसती नावं निसटतात, डोळ्यांपुढचं चित्र टिकतं. म्हणून संध्याकाळी भाकरी थापताना पोराला शेजारी बसवा.

चूल म्हणजे सूर्य. (गॅस असला तरी चालेल, सूर्य काही रागवत नाही.) चुलीच्या कडेला फोडणीतून उडालेली मोहरी, तो बुध. सगळ्यात लहान आणि सूर्याच्या सगळ्यात जवळ. पुढं झाकण घातलेलं पातेलं, तो शुक्र. बुध जवळ असूनही जास्त तापतो शुक्रच, कारण त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड वायूचं जाड आवरण आहे, ते उष्णता धरून ठेवतं. झाकणाखाली काय होतं, हे तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? मग पाण्याचा माठ, आपली पृथ्वी. तिखटाची बरणी, तांबडा मंगळ. धान्याची कणगी, सगळ्यात मोठा गुरू. तिच्या पलीकडं खुंटीला चुंबळ, तो कड्यांचा शनी. दाराशी आडवा पडलेला हंडा युरेनस, कारण हा ग्रह कुशीवर कलंडून फिरतो. आणि बाहेर अंगणात गार पाण्याचा निळा ड्रम, सगळ्यात लांबचा नेपच्यून.

तुमच्या घरात वस्तूंची जागा वेगळी असेल. असू द्या. चुलीपासून दारापर्यंत ज्या क्रमानं वस्तू दिसतात, त्याच क्रमानं ग्रह बसवा. वस्तू पोरालाच निवडू द्या. चित्र विचित्र झालं, हसू आलं, तर आणखी चांगलं. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणं अशीच एखाद्या घराच्या खोल्यांमध्ये मनातल्या मनात मांडून ठेवायचे.

आता पोराला डोळे मिटून चुलीपासून अंगणापर्यंत मनातच चालू द्या. मग उलटं, अंगणातून चुलीकडं. मधेच विचारा, "चुंबळीच्या अलीकडं कोण?" उत्तर बरोबर की चूक, ते पोरगंच पुस्तकात बघेल. तुम्ही फक्त विचारायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, मग चार दिवसांनी, मग आठवड्यानं.

सगळंच असं जमत नाही. पाढे मोठ्यानं म्हणूनच पक्के होतात, आणि गणित समजलं नसेल तर चित्र काय करणार? पण क्रम, नावं, नद्या, राजधान्या यांना ही युक्ती छान लागू पडते. राजधान्यांसाठी मात्र घर कमी पडेल, तेव्हा घरापासून शाळेपर्यंतची वाट घ्या. पार, पिठाची गिरणी, हापसा, देऊळ, रोजचंच आहे.