खाड्याचे पैसे : जेम्स पीटर्सची कहाणी

कामगार ज्या दिवशी कामावर जात नाही त्या दिवसाला गिरणीच्या भाषेत खाडा म्हणतात. खाडा झाला की रोज बुडतो. माझ्या पिढीतल्या अनेकांनी हा शब्द शाळेत जाण्याआधीच घरात ऐकलेला आहे. मी तरुणपणी चाळीच्या संघातून कबड्डी खेळत असे. आमच्या संघातला सर्वांत तरबेज चढाईबहाद्दर एका स्पर्धेच्या अंतिम सामन्याला आलाच नाही. तो गिरणीत बदली कामगार होता. त्या दिवशी त्याला पाळी मिळाली होती, आणि बदली कामगाराने मिळालेली पाळी सोडली तर पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. आम्ही हरलो. बक्षीस समारंभात व्यासपीठावरचे एक गृहस्थ म्हणाले, "या मुलांकडे अंग आहे, पण खेळावर निष्ठा नाही." आम्ही खाली मान घालून ऐकले. त्या वेळी कोणालाच उत्तर सुचले नाही.

ते उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, मी कधीही न खेळलेल्या एका खेळाच्या इतिहासात सापडले. तो खेळ रग्बी, आणि ज्याच्यामुळे ते सापडले तो खेळाडू जेम्स पीटर्स. इंग्लंडच्या राष्ट्रीय रग्बी संघातून खेळलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्या रंगापाशी थांबते. परंतु पीटर्सच्या आयुष्यात दोन भिंती होत्या, एक रंगाची आणि दुसरी रोजाची. या दोन भिंती एकमेकींना कशा टेकून उभ्या असतात हे समजून घेणे आपल्या चळवळीतल्या माणसाला आवश्यक आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

पीटर्सचा जन्म १८७९ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील सॅल्फर्ड या औद्योगिक शहरात झाला. बाप जमैकाचा, सर्कशीत सिंहांना खेळवणारा. आई इंग्लंडच्याच श्रॉपशायर परगण्यातली गोरी. बाप पोर लहान असतानाच सिंहाच्या पिंजऱ्यात फाडला गेला. आईला मूल पोसणे झेपेना. पोरगा सर्कशीत गेला आणि घोड्याच्या उघड्या पाठीवर कसरती करू लागला. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याचा हात मोडला. मोडक्या हाताच्या पोराचा सर्कशीला उपयोग नव्हता. तिने त्याला टाकून दिले. तेथून तो लंडनच्या अनाथाश्रमांत वाढला. तेथेच खेळात पुढे आला, संघांचा कप्तान झाला, आणि सुतारकाम व छपाईची कामे शिकला. पुढे जन्मभर त्याला पोटाला आधार झाला तो सुतारकामाचा.

आता ज्या खेळात त्याने नाव काढले त्याची घडण पाहू. रग्बीत लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे असते. सहकाऱ्याकडे तो फक्त मागच्या दिशेने फेकता येतो, आणि प्रतिपक्ष अंगावर झेप घेऊन धावणाऱ्याला पाडतो. अंगमेहनतीचा, मार सोसण्याचा हा खेळ. तो जन्मला श्रीमंतांच्या मुलांच्या निवासी शाळांत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांतल्या कोळसा खाणींच्या आणि गिरण्यांच्या वस्त्यांनी त्याला आपलेसे केले. कामगारांचे संघ बाबू लोकांच्या संघांना हरवू लागले. अडचण एकच होती. सामने शनिवारी दुपारी होत आणि शनिवारी अर्धा दिवस काम असे. लांबच्या गावी सामना असला की सकाळची पाळी सोडावी लागे. म्हणजे खाडा.

उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली ती फार साधी होती. खेळण्याचे पैसे नकोत. खेळण्यापायी जो रोज बुडतो तेवढा भरून द्या. १८९३ साली लंडनला रग्बी युनियनच्या सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी हा ठराव मांडला. तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे वीसहून अधिक क्लब एकत्र आले, जुन्या युनियनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'नॉर्दर्न युनियन' स्थापन केली. खाड्याची भरपाई दिवसाला सहा शिलिंग अशी ठरली. १८९८ मध्ये या युनियनने खेळण्याचा मोबदला उघडपणे मान्य केला. मात्र खेळाडूला दुसरा नियमित कामधंदा असला पाहिजे, अशी अट घातली. ती अट १९०५ साली गेली. १९०६ साली संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले आणि खेळाचे नियमही वेगळे पडले. याच खेळाला १९२२ पासून रग्बी लीग म्हणतात.

जुन्या युनियनने यावर जो कायदा केला तो आपल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. नॉर्दर्न युनियनकडून एकदा खेळलेला माणूस जुन्या खेळात कायमचा बहिष्कृत झाला. एवढेच नव्हे, तर अशा संघाबरोबर किंवा अशा संघाविरुद्ध मैदानात उतरणे हाही गुन्हा ठरला, मग पैसा घेतलेला असो वा नसो. म्हणजे दोष पैशापुरता राहिला नाही. तो संसर्गाने पसरू लागला. याला आपल्याकडे विटाळ म्हणतात. हौशीपणा हे सोवळे होते. आणि सोवळे कोणाला परवडते? ज्याच्या घरी पाणी भरायला दुसरा माणूस आहे त्याला. ज्याला शनिवारच्या रोजाची फिकीर नाही तो खेळाच्या पावित्र्यावर व्याख्यान देऊ शकतो. आपल्या भाषेनेही हा संस्कार उचललेला आहे. 'हौशी' म्हटले की कौतुक वाटते, 'धंदेवाईक' म्हटले की तोंड वाकडे होते. कष्टाचा मोबदला मागणाऱ्याला हिणवणारा हा शब्द आपण किती सहज वापरतो!

पीटर्स मोठा झाला तो या सोवळ्या रग्बीत. १९०० ते १९०२ या काळात तो ब्रिस्टल क्लबकडून खेळला. त्याची निवड झाली तेव्हा क्लबच्या समितीतल्या एका सभासदाने निषेध म्हणून राजीनामा दिला. गोऱ्या खेळाडूची जागा याने अडवली, असा सूर वर्तमानपत्रातही उमटला. १९०२ साली तो प्लिमथला गेला, डेव्हनपोर्टच्या आरमारी गोदीत सुतार म्हणून लागला, आणि प्लिमथ क्लब व डेव्हन परगणा यांच्याकडून खेळू लागला. त्याची जागा हाफबॅकची. पुढच्या धिप्पाड गड्यांनी मिळवलेला चेंडू हातात येताच तो कोठे, कोणाकडे जायचा हे क्षणात ठरवणारा हा खेळाडू असतो. जोर इतरांचा आणि डोके याचे. काळ्या माणसाला जोर असतो पण बुद्धी नसते, असे मानणाऱ्या समाजात पीटर्स बुद्धीच्या जागेवर खेळत होता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०६ साली डेव्हनने परगण्यांचे अजिंक्यपद मिळवले. त्याच वर्षी १७ मार्चला एडिंबरा येथे स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडकडून उतरला आणि इंग्लंडने सामना जिंकला. पाच दिवसांनी पॅरिसला फ्रान्सविरुद्ध इंग्लंडचा पहिलाच सामना झाला. त्यातही तो खेळला आणि त्याने गुणही मिळवले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ प्रथमच ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. ऑक्टोबरमध्ये त्याची गाठ डेव्हन संघाशी पडली. समोर पीटर्स आहे हे पाहून पाहुण्यांनी खळखळ केली. सामना झाला खरा. परंतु ८ डिसेंबर १९०६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका समोरासमोर आले तेव्हा इंग्लंडच्या संघात पीटर्स नव्हता. पुढच्याच वर्षी आयर्लंड आणि स्कॉटलंडविरुद्ध त्याला पुन्हा घेतले. म्हणजे त्याचा खेळ उतरला नव्हता. १९०८ मध्ये वेल्सविरुद्ध तो पाचवा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला येथे बाळू पालवणकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर नोकर म्हणून लागला आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता मोठा झाला. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सवर्णांना चालत असे. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. त्याच १९०६ सालच्या फेब्रुवारीत त्याच्या गोलंदाजीच्या बळावर हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. या दोघांची गाठ कधी पडली असे मी सुचवीत नाही. परंतु दोघांच्या बाबतीत व्यवस्थेचा हिशेब एकच दिसतो. जिंकण्यासाठी हात हवा, मानाच्या जागी माणूस नको.

पीटर्सच्या आयुष्यातली दुसरी भिंत यानंतर समोर आली. १९१० च्या सुमारास गोदीतल्या अपघातात त्याची तीन बोटे तुटली. चेंडू झेलणे आणि फेकणे हेच ज्याचे काम त्या हाफबॅकची बोटे! ज्या हाताने सुतारकाम करायचे तोही हा हातच. तरी तो खेळत राहिला. हौशी खेळात जखमी हाताला भरपाई नसते, कारण हौशी खेळाडू पोटासाठी खेळत नाही असे गृहीतच धरलेले असते. १९१२ साली डेव्हनमधले काही क्लब आणि खेळाडू पैसे दिल्याघेतल्याच्या आरोपावरून युनियनने खेळातून काढले. त्यांत पीटर्सचे नाव होते. इंग्लंडचा खेळाडू राहिलेल्या माणसाला गल्लीतला सामनाही खेळण्यास बंदी झाली.

तेव्हा तो उत्तरेला गेला. १९१३ साली, तेहतीस-चौतीस वर्षांच्या वयात, बॅरो या जहाजबांधणीच्या गावच्या संघाकडून तो उघडपणे मोबदला घेऊन खेळू लागला. पुढे सेंट हेलेन्सकडे गेला. १९१४ साली त्याचा खेळ संपला. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द एवढीच. तारुण्याची उमेदीची वर्षे सोवळ्या खेळाने फुकट वापरली. मोबदला देणाऱ्या खेळाच्या वाट्याला तुटक्या बोटांचा, उतार लागलेला पीटर्स आला. नंतर तो प्लिमथला परतला आणि १९५४ साली तेथेच वारला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मोबदला मिळाला म्हणजे समता मिळाली, असे मला म्हणायचे नाही. रॉय फ्रान्सिस हा कृष्णवर्णीय खेळाडू रग्बी लीगमध्ये ब्रिटनकडून खेळला, पुढे हल क्लबचा नामांकित प्रशिक्षक झाला. पण १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून त्याला वगळले ते तेथील वर्णद्वेषाकडे पाहूनच, असे मानले जाते. लीगमध्येही भिंत होती. तरी फरक आहे. बिली बोस्टन १९५३ मध्ये विगन क्लबकडे आला आणि त्या खेळातला एक महान खेळाडू ठरला. क्लाइव्ह सलिव्हनच्या नेतृत्वाखाली ब्रिटनने १९७२ चा विश्वचषक जिंकला. इकडे हौशीपणाचे सोवळे पाळणाऱ्या युनियनच्या इंग्लंड संघात पीटर्सनंतर दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो १९८८ साली. मध्ये ऐंशी वर्षे गेली! १९९५ मध्ये त्या युनियननेही मोबदला मान्य केला. ज्या गोष्टीसाठी माणसे शंभर वर्षे बाटली म्हणून बाहेर ठेवली, ती गोष्ट एका ठरावाने शुद्ध झाली. २०२५ साली बोस्टनला सर हा किताब मिळाला, तेव्हा त्याने नव्वदी गाठली होती.

पीटर्सला काळा म्हणून बाहेर ठेवा, असा नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. त्याची गरजही नव्हती. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदा न निवडणे पुरेसे होते, आणि नंतर पैशाचा नियम होताच. ज्यांच्याजवळ जमीन नाही, बापाची पुंजी नाही, त्यांना रोजाचा नियम सर्वांत आधी लागू पडतो. आणि असे लोक कोणत्या रंगाचे आणि कोणत्या जातीचे असतात हे व्यवस्थेला ठाऊक असते. म्हणून गुणवत्ता, निष्ठा, खेळाडूवृत्ती असे शब्द कानावर पडले की, हा दिवस फुकट घालवणे कोणाला परवडते, हा प्रश्न आपण आधी विचारला पाहिजे. खेळाच्या मैदानापुरता तो नाही. नाट्यसंस्था, साहित्य संमेलन, विनावेतन उमेदवारी, खुद्द आपल्या चळवळीचे शिबिर, सगळीकडे तो विचारला पाहिजे. शिबिराला न आलेल्या कार्यकर्त्याला आपणही कधीकधी निष्ठा नाही असे म्हणतो. त्याचा त्या दिवशीचा रोज कोणी विचारलेला असतो काय?

आमचा तो चढाईबहाद्दर १९८२ च्या संपानंतर गावी गेला. पुन्हा भेटला नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी तो रिंग खात्यात उभा होता. खेळावर त्याची निष्ठा होती. त्याच्या खाड्याचे पैसे कोणी देणार नव्हते, इतकेच.