काळोखाचे दहा आठवडे: कावेरीकाठचा हिवाळा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो, तेव्हा पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. तमिळनाडूत कुंभकोणमजवळचे स्वामीमलै पुण्याच्या बरेच दक्षिणेला, ११ अंश अक्षांशावर आहे. तिथला दिवस साडेअकरा तासांच्या आसपास भरतो. ह्या हिशेबाने तिथे हिवाळ्याचा काळोख जाणवूच नये. तरीही कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे दिवस वर्षातले सर्वांत अंधारे असतात, कारण तिथला खरा पावसाळा तेव्हा असतो. आपल्याकडचा पाऊस परतीला लागला की ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात. राज्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसातला सुमारे ४८ टक्के पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत पडतो. ऐप्पसीत झड आणि कार्तिगैत मुसळधार, असे तिथली म्हणच सांगते. ऐप्पसी म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासूनचा महिना, कार्तिगै त्याच्या पुढचा.

सूर्य आठ-आठ दिवस नीट दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, शेतात सांबा भाताचे पीक उभे असल्याने पाऊस हवाही असतो आणि जास्त झाला तर नकोही असतो. त्यात वादळांची भर. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले, नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनी कोसळले आणि त्रिभुज प्रदेशातली कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. बरोबर आठवड्याने, २३ तारखेला, कार्तिगै दीपम हा दिव्यांचा सण होता.

ह्या मुलखाची गंमत अशी, की तिथले पंचांग नेमक्या ह्याच आठवड्यांत माणसाला स्वस्थ बसू देत नाही. कधी दिवे लाव, कधी विहिरीवर आंघोळीला जा, कधी पहाटे चारला उठून अंगणात रांगोळी घाल. ह्याला तिथे कोणी मन प्रसन्न ठेवण्याचे उपाय म्हणत नाही, पण परिणाम पाहिला तर दुसरे काय म्हणावे?

स्वामीमलैच्या नावात ‘मलै’ म्हणजे डोंगर असला तरी सपाट भातखाचरांच्या ह्या प्रदेशात डोंगर नाही. देवळासाठी माणसांनी उंचवटा रचला आणि त्यावर मुरुगनला, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीला, बसवले. त्याच्या सहा मुख्य क्षेत्रांतले हे चौथे मानतात. वर चढायला ६० पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एकेका संवत्सराचे नाव आहे: प्रभव, विभव, शुक्ल अशी आपल्याच पंचांगातली साखळी. इथेच बाल मुरुगनने प्रत्यक्ष शंकराला ओंकाराचा अर्थ सांगितला, पित्याचा गुरू झाला, अशी कथा आहे. महाराष्ट्रात बायकांनी कार्तिकस्वामीचे दर्शन घेऊ नये अशी जुनी समजूत आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असले तरच त्यांना मुभा मिळते. स्वामीमलैत बायका रोज पायऱ्या चढतात, देवाला काही झाल्याचे ऐकिवात नाही.

गावाची दुसरी ओळख पंचधातूच्या मूर्ती. जवळच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधले. त्या कामावरचे मूर्तिकार पुढे इथे स्थायिक झाले, अशी स्थपती घराण्यांची परंपरा आहे. इथल्या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पावसाळा ह्या कारागिरांना कसा छळतो ते कळायला त्यांची पद्धत पाहावी लागते. आधी नारळाच्या झावळीची पाती मूर्तीच्या उंचीइतकी कापून तिच्या घड्या घालतात. ह्या घड्या म्हणजे त्यांची मोजपट्टी: चेहरा इतक्या घड्यांचा, धड इतक्या. मग मधमाश्यांच्या मेणात राळ आणि शेंगदाण्याचे तेल मिसळून त्या मापाने मूर्ती घडवायची. तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा पातळ लेप. ही माती इतकी मऊ, की मेणावरची नखाएवढी कोरीव रेघही तिच्यात उमटते. हा लेप सावलीत वाळवतात, त्यावर जाड मातीचे थर चढवतात, शेवटी गोवऱ्यांच्या आगीवर साचा तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होते आणि तापलेला धातू उसळून बाहेर येतो. म्हणून झडीच्या दिवसांत थर वाळण्याची वाट पाहत बसण्यावाचून इलाज नाही.

अशा दिवसांत कार्तिगै दीपम येते. चंद्र पूर्ण आणि कृत्तिका नक्षत्राच्या सोबतीला, असा हा दिवस. कधी तो आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो, कधी महिनाभराने दत्तजयंतीच्या सुमारास. मुरुगनला सहा कृत्तिकांनी वाढवले, म्हणून त्याच्या क्षेत्रात ह्या दिवसाचे महत्त्व अधिक. तिरुवण्णामलैच्या २,६६८ फूट उंच डोंगरावर पेटणारी ज्योत देशभर माहीत आहे, पण घरोघरचा सण वेगळा. उंबऱ्यावर, अंगणात, तुळशीपाशी, कठड्यावर मातीच्या पणत्यांच्या ओळी लागतात. देवघरातली समई घासून लखलखीत करतात, आणि ती बहुधा कुंभकोणमच्या पलीकडच्या नाच्चियारकोविलची असते. त्या गावात वाळूच्या साच्यात पितळी समया ओततात आणि त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे एकाच तालुक्याच्या टापूत एक गाव देव ओतते आणि दुसरे त्याच्यापुढचा दिवा. गुळाच्या पाकात लाह्या घालून केलेले लाडू हा ह्या दिवसाचा नैवेद्य.

पोरांचा सण मात्र ‘मावळी’. ताडाच्या नर झाडाचे तुरे वाळवून खड्ड्यात धुमसत ठेवतात, कोळसा झाला की त्याची भुकटी करतात. ती जुन्या कापडात घट्ट गुंडाळून पुरचुंडी ताडाच्या देठाच्या चिरफळ्यांमध्ये बांधायची, वर लांब दोरी. टोकाला निखारा लावला आणि दोरी डोक्याभोवती गरागरा फिरवली की ठिणग्यांचे भलेमोठे सोनेरी वर्तुळ उभे राहते. दारू नाही, आवाज नाही, दुकानातून काही आणायचे नाही. शहरात हे जवळपास संपले. माझ्या मते शिवकाशीच्या फुलबाजीला ह्याची सर नाही. रात्री देवळापुढे ताडाचे खोड उभे करून वाळक्या झावळ्यांनी वेढतात आणि पेटवतात. त्याला ‘सोक्कप्पनै’ म्हणतात.

इथे विज्ञानाला विचारायला हरकत नाही. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरचा रूढ उपचार म्हणजे सकाळी अर्धा तास १०,००० लक्स इतक्या प्रखर दिव्यासमोर बसणे. आता एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण १ लक्स भरतो. पणती त्याहून मंद. अंगणभर पणत्या लावल्या तरी ह्या मापाने हाती शून्य! उलट ढगाळ दिवशीही उघड्यावर उभे राहिले तर हजारांच्या घरात लक्स मिळतात, घरातल्या ट्यूबलाइटखाली काही शेच. तेव्हा पणत्यांनी मनाला उभारी येत असेल तर ती उजेडाच्या प्रमाणामुळे येत नाही. ती गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच वेळी दारे उघडून बाहेर येण्यातून येत असावी. हे माझे अनुमान, डॉक्टरांचे नव्हे. आणि खरे नैराश्य असेल त्याने डॉक्टरांकडेच जावे.

कार्तिगैच्या अमावास्येला कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर गावात एका घराच्या विहिरीवर पहाटेपासून रांग लागते. ही कथा मराठी वाचकाच्या घरची आहे. तंजावरचे शहाजीराजे भोसले, एकोजींचे पुत्र म्हणजे शिवरायांचे पुतणे, ह्यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे नाव झाले शहाजीराजपुरम. त्या काळी तिथे राहणाऱ्या श्रीधर वेंकटेश अय्यावाळ ह्यांनी वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक दारात आलेल्या भुकेल्या अंत्यजाला वाढला. ब्राह्मणांनी प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. अय्यावाळांनी गंगेचे स्तोत्र म्हटले आणि अंगणातल्या विहिरीतून गंगा उसळून वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न कोणाला वाढले ते पैठणकरांना सांगायला नको. भर पावसाच्या महिन्यात, अमावास्येच्या अंधारात, लोक थंड विहिरीचे पाणी डोक्यावर घ्यायला मैलोन्‌मैल येतात.

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी लागतो, सूर्य धनू राशीत येतो. म्हणजे आपला धुंधुरमास! महाराष्ट्रात ह्या महिन्यात सूर्योदयापूर्वी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत असे गरमागरम जेवण नैवेद्य दाखवून घ्यायची चाल आहे, निदान होती. तिथे देवळात पहाटेच्या अंधारात हाती पडतो तो वेण्‌पोंगल: तांदूळ, मूगडाळ, मिरी, जिरे, आले आणि हाताला ओघळेल इतके तूप. महिना तोच, वेळ तीच, डाळतांदूळ तेच. थंडी म्हणाल तर किमान तापमान २०-२१ अंशांच्या आसपास, पण कानटोप्या आणि मफलर असे निघतात की जणू गाव हिमालयाच्या पायथ्याशी आहे.

मार्गळीत लग्नकार्ये करत नाहीत, महिना देवाला दिलेला. पहाटे दारात सडा घालून तांदळाच्या पिठाचे मोठे कोलम काढतात, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेले भोपळ्याचे पिवळे फूल. संतकवयित्री आंडाळची तिरुप्पावै ३० पदांची, रोज एक, म्हणजे महिना बरोबर भरतो. नाच्चियारकोविलच्या विष्णुमंदिरातला दगडी गरुड ह्याच महिन्यात, आणि पुन्हा पंगुनी महिन्यात, बाहेर निघतो. गाभाऱ्यातून उचलायला चार माणसे पुरतात, पुढे आठ, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट लागतात, कारण पावलागणिक गरुड जड होतो आणि परतताना तसाच हलका होत जातो, असे भाविक सांगतात. मूर्तीला घामही येतो म्हणतात. तर्क लढवणाऱ्याने लढवावा. चौसष्ट माणसांना खांद्याला खांदा लावायला लावणारा देव मला तरी आवडतो.

पहाटेच्या भजनी दिंडीत कान देऊन ऐकले तर कधी मराठी अभंग ऐकू येतो. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी भजनाचा जो क्रम घालून दिला, त्यात अभंगांना जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तने तंजावरला गाजली आणि तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्यांच्या धर्तीवर तमिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी हे प्रकार तिथल्या कथेकऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. तंजावरचे भोसले राज्य १८५५ मध्ये संपले, पण चाली राहिल्या. आपल्याकडे काकड्याला जाणाऱ्याला हे भजन परके वाटणार नाही.

मार्गळीतल्याच आर्द्रा नक्षत्राला नटराजाचा उत्सव. त्या दिवशी गूळ, भाजलेले तांदूळ आणि मूगडाळ ह्यांची ‘कळी’ आणि सोबत अनेक भाज्यांचे कालवण. आपल्या भोगीच्या मिश्र भाजीची ही दाक्षिणात्य बहीण. स्वामीमलैला हा देव खास जवळचा: २०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभा राहिलेला, २७ फूट उंच, १८ टन वजनाचा नटराज इथल्याच स्थपतींनी मेणाच्या ह्या जुन्या पद्धतीने घडवला.

जानेवारीच्या मध्यात तै महिना लागतो आणि पोंगल येते. भोगीला जुन्या वस्तू जाळतात, दुसऱ्या दिवशी नव्या भाताचे, गुळाचे पोंगल उघड्यावर, सूर्यासमोर शिजवतात. पातेले उतू गेले पाहिजे, तरच शकुन. तिकडे नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तो परतला की २१ जानेवारीला ‘सूर्यदिन’ साजरा होतो आणि बेकऱ्यांतून सूर्याच्या नावाचे गोड पाव विकले जातात. दोन्ही सणांत आठवड्याभराचे अंतर. तोवर कावेरीकाठी ढग विरळ झालेले असतात, सांबाची कापणी सुरू झालेली असते आणि स्वामीमलैच्या ओतशाळांत अडकून पडलेल्या कामांच्या तारखा पुन्हा दिल्या जाऊ लागतात.