आधी दिसलं की आधी ऐकू आलं?

सीमारेषेपाशी उभं राहून क्रिकेटचा सामना पाहिला असेल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. चेंडू बॅटवर बसलेला आधी दिसतो, 'टक्' आवाज मागून येतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, आवाज हवेतून जेमतेम ३४० मीटर. सत्तर मीटरवरून यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो.

खरा चमत्कार यापुढे आहे. टेबलापलीकडचा माणूस बोलतो तेव्हा हवेतला हा उशीर नगण्य असतो, पण डोक्याच्या आत शर्यत उलटी होते. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडला की आधी रासायनिक प्रक्रिया घडते, मग संदेश निघतो. त्यात कित्येक मिलिसेकंद जातात. कानातल्या केसपेशी हलताच संदेश जवळजवळ लगेच सुटतो. म्हणजे बाहेर प्रकाश पुढे आणि आत आवाज पुढे! तरीही ओठ आणि शब्द आपल्याला अगदी बरोबरीने कळतात. ही बरोबरी मेंदूने ठरवलेली असते.

त्यासाठी मेंदू थोडी सूट देतो. ठरावीक अवधीत जे दिसलं आणि जे ऐकू आलं, ते एकाच घटनेचं, असं तो धरून चालतो. संशोधक या अवधीला काळाची खिडकी म्हणतात. टीव्ही प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये तिची मापंच सापडतात: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतं, मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत पत्ता लागत नाही. निसर्गात आवाज मागेच पडतो, पुढे कधी जात नाही. मेंदूला सवय आहे ती त्याचीच.

खिडकीत सापडलेल्या दोन गोष्टींचं मेंदू काय करतो, ते १९७६ साली इंग्लंडमधल्या हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं. पडद्यावरच्या बाईचे ओठ 'गा' म्हणत होते, त्यावर आवाज जोडला होता 'बा'चा. प्रयोगातल्या ९८ टक्के प्रौढांना ऐकू आलं 'डा', जे कोणी म्हटलंच नव्हतं! आत्ताच 'बा' म्हणून पाहा. ओठ मिटल्याशिवाय ते अक्षर उमटतच नाही. पडद्यावरचे ओठ तर मिटत नव्हते, म्हणून मेंदूने मधला मार्ग काढला. डोळे मिटले की 'बा', उघडले की पुन्हा 'डा'. युक्ती माहीत असली तरीही तेच.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांमध्ये हा 'डा' सरासरीने कमी उमटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या रायन स्टीव्हनसन, मार्क वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचा माग काळापर्यंत नेला. चित्र आणि आवाज थोडे मागेपुढे करून ते मुलांना विचारत गेले, दोन्ही एकाच वेळी झालं का? बोलण्याच्या बाबतीत स्वमग्न मुलांची खिडकी अधिक रुंद निघाली. रुंद खिडकी चांगलीच, असं वाटेल. तसं नाही. एका शब्दाचे ओठ पुढच्या शब्दाच्या आवाजापासून वेगळे काढणंच तिथे अवघड होतं. गजबजलेल्या वर्गात बाकीची मुलं बाईंच्या ओठांवरून हुकलेली अक्षरं भरून काढतात. या मुलाला तो आधार कमी मिळतो. दिलासा देणारी गोष्टही आहे. संशोधक जॉन फॉक्स यांच्या गटाच्या अभ्यासात, बोलणं-शिकणं चांगलं जमणाऱ्या स्वमग्न मुलांमधली ही तूट किशोरवयाच्या सुरुवातीला भरून निघालेली दिसली.

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातही खिडकी रुंदावलेली आढळते, गोंगाटात ओठांची मदत कमी पडते. या दोन अवस्थांचं नातं जुनं आहे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'ऑटिझम' हा शब्द वापरला, तो स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. दोन्हींची पुरती फारकत व्हायला पुढे कित्येक दशकं गेली. आता खिडकीत साम्य दिसलं म्हणून ती पुन्हा एक करायची का? मुळीच नाही. तापाचं कारण मलेरियाही असतं आणि टायफॉइडही. कुठे डोळ्या-कानांकडून येणारी वेळेची नोंदच धूसर असू शकते, कुठे नोंद स्वच्छ असूनही जोडून टाकण्याकडे मेंदूचा कल जास्त असू शकतो. व्हँडरबिल्टच्या संशोधकांनी २०१८ साली या दोन्ही अवस्था शेजारी ठेवून हेच मांडलं, की दिसायला सारखं, कारण वेगळं.

घरात किंवा वर्गात अशी रुंद खिडकी असलेलं कुणी असेल, तर बोलण्याआधी टीव्ही आणि मिक्सर बंद करा. एका वेळी एकानेच बोला. 'माझ्याकडे बघ' असा हट्ट धरू नका. चेहऱ्याकडे बघणं हेच काहींना जड जातं. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तोच प्रश्न आवाज चढवून पुन्हा विचारू नका. थोडं थांबा.