स्वस्त लक्झरी गाडी कोण घेतं? (एपिसोडचा लिखित भाग)

आज एक साधा वाटणारा प्रश्न. लक्झरी गाडी माणूस घेतो तीच मुळी महाग असते म्हणून. मग नवीन कंपनी येऊन "आमची स्वस्त आहे" म्हणाली तर तिची गाडी कोण घेणार?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लेक्सस. 1981 पासून जपानी गाड्यांच्या अमेरिकेतल्या निर्यातीवर संख्येची मर्यादा होती. 1985 नंतर येनही महाग होत गेला. गाड्या जास्त पाठवता येत नाहीत, तर प्रत्येक गाडीमागे जास्त कमवा, हा साधा हिशोब. होंडाने 1986 मध्ये अॅक्युरा आणली. टोयोटाने 1989 मध्ये लेक्सस एलएस 400 आणली.

किंमत सुमारे 35 हजार डॉलर. त्या वेळी मर्सिडीजची 420 एसईएल 60 हजारांच्या पुढे होती आणि बीएमडब्ल्यूची 735 पन्नास हजारांच्या आसपास. पण खरी गंमत किमतीत नाहीये. गाडीत 4 लिटरचं व्ही 8 इंजिन होतं, 250 हॉर्सपॉवरचं, आणि तरी अमेरिकेत जास्त पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांना लागणारा कर तिला लागला नाही. जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचून रोलरवर गाडी पळवली. एकही ग्लास हलला नाही. म्हणजे "आम्ही स्वस्त आहोत" असं सांगण्याऐवजी "आम्ही शांत आहोत" हे दाखवलं. त्याच वर्षी निसानची इन्फिनिटी आली. तिच्या सुरुवातीच्या जाहिरातींत दगड, झाडं, पाणी होतं, गाडीच नव्हती!

आणि मग डिसेंबर 1989. विक्री सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेत, आणि दोन ग्राहकांच्या तक्रारी येतात. एक वायरिंगची, एक ब्रेक लाइट तापण्याची. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं कळेल: प्रॉडक्शनमध्ये बग सापडलाय आणि ब्रँडला अजून नावच नाही. लेक्ससने तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे 8 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. लोकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन परत आणून दिल्या. वीसेक दिवसांत काम संपलं. जी गोष्ट ब्रँड बुडवू शकली असती, तिनेच ब्रँड उभा केला.

आता "व्हॅल्यू" म्हणजे काय ते बघू. समजा, जुन्या नावाची गाडी 60 लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी 30 लाखांना विकली. नव्या ब्रँडची 45 लाखांना घेतली आणि 15 लाखांनाच गेली. दोन्हीकडे गेले 30 लाखच! शोरूममध्ये वाचलेले 15 लाख रीसेलने खाल्ले. म्हणून नव्या ब्रँडला किंमत कमी ठेवून भागत नाही, पुढच्या वर्षांची भीती काढावी लागते. ह्युंदाईने 2015 मध्ये जेनेसिस वेगळा ब्रँड केला, आणि अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची वॉरंटी दिली, ती याचसाठी.

आपल्याकडे मात्र गणित उलटं फिरलं. लेक्सस भारतात 2017 मध्ये आली तेव्हा गाड्या तयार होऊन येत होत्या, त्यामुळे भलं मोठं आयात शुल्क. मर्सिडीज तर चाकणमध्येच जोडली जाते. म्हणजे इथे जुन्या नावालाच किमतीचा फायदा! पुढे लेक्ससने 2020 मध्ये ईएस गाडीची जोडणी बिडदीला सुरू केली.

तर मंडळी, नवीन ब्रँडची गाडी बघायला गेलात तर डिस्काउंट शेवटी विचारा. आधी तीन गोष्टी विचारा: जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, वॉरंटीत नेमकं काय बसतं, आणि याच मॉडेलची पाच वर्षं जुनी गाडी आज कितीला जाते? तिसऱ्या प्रश्नावर सेल्समन चहा मागवायला लागला, तर उत्तर मिळालं असं समजा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!