वहीवरील बोधचिन्ह : छपाईची पद्धत कशी निवडावी?

नववर्षाच्या आरंभी ग्राहकांना बोधचिन्हांकित वही अथवा डायरी भेट देण्याची प्रथा व्यापारी जगतात चांगलीच रुजली आहे. ही भेट वर्षभर ग्राहकाच्या मेजावर राहते. तिच्यावरील चिन्ह दोन महिन्यांतच पुसट झाले, तर केलेला खर्च वाया जातो आणि संस्थेच्या लौकिकालाही बाधा येते. म्हणून मुखपृष्ठाचा प्रकार, चिन्हाचे स्वरूप व प्रतींची संख्या यांचा विचार करूनच छपाईची पद्धत ठरवावी.

स्क्रीन प्रिंटिंग : चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई उतरवली जाते. प्रत्येक रंगास स्वतंत्र जाळी लागत असल्याने एक-दोन सपाट रंगांच्या चिन्हासाठी ही पद्धत किफायतशीर ठरते. शाई मात्र मुखपृष्ठास अनुरूप हवी. अन्यथा रेग्झीनवरून ती खरवडून निघते.

फॉइल व ठसा : तापवलेल्या धातूच्या ब्लॉकने फॉइल दाबून सोनेरी वा चंदेरी चिन्ह उमटवले जाते. फॉइलविना ब्लॉक दाबल्यास खोलगट ठसा मिळतो; त्यात शाईच नसल्याने ती पुसली जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. रेग्झीनवर हे काम शोभून दिसते. तथापि, अतिसूक्ष्म अक्षरे भरून जातात आणि रंगछटा साधत नाहीत.

ऑफसेट : कागदी मुखपृष्ठ, बहुरंगी चिन्ह व मोठी संख्या असल्यास ही पद्धत योग्य. छपाई बांधणीपूर्वीच होते.

यूव्ही डिजिटल : यात ब्लॉक वा प्लेट लागत नाही. अतिनील किरणांनी शाई तत्काळ पक्की होते. थोड्या प्रती किंवा प्रत्येक वहीवर निराळे नाव हवे असल्यास ही पद्धत सोयीची आहे. मात्र वारंवार वाकणाऱ्या मुखपृष्ठावर शाईला तडे जाऊ शकतात.

खर्चाची तुलना करताना स्थिर खर्च व प्रतिवही खर्च वेगळे मांडावेत. समजा, ब्लॉकचा खर्च १,५०० रुपये आहे. १०० वह्यांमागे तो प्रत्येकी १५ रुपये पडतो, तर १,००० वह्यांमागे केवळ दीड रुपया. ब्लॉकवर वर्षाचा आकडा न कोरल्यास तोच ब्लॉक पुढील वर्षीही वापरता येतो. शिवाय, भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवरील वस्तू व सेवा कराची वजावट २०१७ च्या कायद्यानुसार मिळत नाही. त्यामुळे कराची रक्कमही खर्चातच धरावी.

संपूर्ण मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्यक्ष त्याच मुखपृष्ठावर छापलेली नमुना प्रत मागवावी. एक दिवस जाऊ द्यावा. नंतर चिन्ह ओल्या फडक्याने पुसावे, नखाने खरवडावे आणि त्यावर चिकटपट्टी लावून ओढून पाहावी. या कसोटीस चिन्ह उतरले, तरच नमुन्यावर स्वाक्षरी करून छपाईस संमती द्यावी. एका वहीची ही परीक्षा उर्वरित सर्व वह्यांचा खर्च सार्थकी लावते.