जुनी डस्टर, मावळातला चिखल आणि सोमवारचं ऑफिस

मागच्या वेळी आपण फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह यांतला फरक पाहिला. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. घरात गाडी एकच, तीही जुनी घेतलेली. सोमवारी तीच ऑफिसला न्यायची आणि रविवारी मावळातल्या चिखलवाटेवर. मग तिच्यात बदलायचं काय? आज तेवढंच बोलू. उदाहरणाला एकच गाडी घेतो, रेनॉ डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती. ती माझ्या घरी आहे, त्यामुळे चुका माझ्याच सांगता येतील.

ही आवृत्ती आपल्याकडे २०१४ साली आली आणि २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर डिझेल डस्टरबरोबर थांबली. म्हणजे आज मिळते ती वापरलेलीच. १४६१ सीसीचं डिझेल इंजिन, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. लो रेंज गिअर नाहीत. त्याची भरपाई म्हणून पहिला गिअर मुद्दाम फार छोटा ठेवलाय. मागचं सस्पेन्शनही साध्या डस्टरपेक्षा वेगळं आहे, दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. थोडक्यात, आपल्या बहुतेक कच्च्या वाटांसाठी गाडी मुळातच पुरेशी आहे. पण आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीत हे सगळं शाबूत असतं का? नसतं. म्हणून पहिला खर्च दिसणाऱ्या कशावरच नाही. गाडी जॅकवर घ्या. लोअर आर्मचे बुश, शॉकॲब्सॉर्बर गळतायत का, एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, मागच्या डिफरन्शियलला तेल सुटलंय का, खालच्या पत्र्याला गंज किती, हे बघा. कंटाळवाणं काम आहे, याचा फोटो कोणी टाकत नाही.

मी काय केलं? हे सगळं सोडून आधी गाडी उचलली. एका गॅरेजवाल्यानं स्प्रिंगवर दोन इंचांचे स्पेसर बसवून दिले. गाडी रुबाबदार दिसायला लागली. आई म्हणाली, “यात चढायला आधी पाट मांड.” हसण्यावारी नेलं. पण बघा काय होतं. गिअरबॉक्स आहे तिथेच, चाक मात्र दोन इंच खाली गेलं. म्हणजे दोघांना जोडणारा एक्सल जास्त तिरका झाला. सीव्ही जॉइंट सतत वाकड्या कोनात फिरतो, त्याचा बूट ताणून फाटतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. काही महिन्यांत वळताना कटकट सुरू झाली. शिवाय गुरुत्वमध्य वर गेला, घाटात वळणावर गाडी जास्त झुकायला लागली आणि मागे बसलेली मुलगी ओकायला लागली. स्पेसर काढले. आठवड्यातले सहा दिवस ज्याचा त्रास, ते सातव्या दिवसासाठी बसवायचं नाही, हा हिशेब मला तेव्हा कळला.

मग पैसे कुठे घालायचे? टायर. मूळ माप २१५/६५ आर १६. याच मापात ऑल टेरेन नक्षीचे टायर घ्या, माप वाढवू नका. गणित करून बघू. २१५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर, वर-खाली मिळून २८०. त्यात १६ इंची रिमचे ४०६. चाकाचा व्यास झाला ६८६. आता कोणी म्हणालं ७० चा टायर टाक, तर व्यास ७०७. वाढला २१ मिलिमीटर, पण उंची वाढते त्याच्या निम्मीच, जेमतेम एक सेंटिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर तीन टक्के कमी दाखवणार आणि तो छोटा पहिला गिअर, जो या गाडीची खरी ताकद आहे, थोडा मोठा होणार. तोट्याचा सौदा. आणखी एक, चारही टायर एकदम बदला. पुढे नवे, मागे झिजलेले असं केलं तर दोन्हीकडची चाकं वेगळ्या गतीनं फिरतात आणि लॉक मोडमध्ये मधला क्लच विनाकारण तापतो.

टायरबरोबर एक छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज. चिखलात, वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त टेकतो. हजार-दोन हजारांच्या या वस्तूनं जो फरक पडतो तो लाखाच्या सस्पेन्शननं पडत नाही. मात्र डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगानं गेलात तर टायर तापून फुटतो.

आता अडकलेली गाडी ओढणं. इथे जीव जातो, म्हणून नीट ऐका. ट्रेलर लावायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. तो झटक्यासाठी बनवलेलाच नसतो, तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. ताणणारा दोर वेगळा, न ताणणारा पट्टा वेगळा. न ताणणाऱ्याला पळत येऊन झटका द्यायचा नाही. दोरावर ओलं पोतं टाका आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभी करा. आधी फावडं, मग दोर.

प्रश्न: पुढे लोखंडी बुल बार लावला तर?

नका लावू. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेत बंपरनं चेपायचं असतं. बार लावला की धक्का सरळ चासीत जातो, एअरबॅगच्या वेळेचं गणित बिघडतं आणि समोरच्या पादचाऱ्याचे तर हालच. एकूणच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेपासून वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न: कोकणात बीचवर नेली तर चालेल?

गाडी चालेल हो, पण वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. आणि रत्नागिरीच्या सड्यावर टायरखाली कातळशिल्प आहे की नाही हे ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. रुळलेली गाडीवाट सोडायची नाही.

प्रश्न: छतावर कॅरिअर आणि तंबू?

पन्नास किलो डिकीत आणि पन्नास किलो छतावर यात फार फरक आहे. आडव्या उतारावर छतावरचंच वजन गाडी कलंडवतं. माझ्या छतावर काही नाही. कॉम्प्रेसर, फावडं, दोर डिकीत, हुकांना करकचून बांधलेले. सुटं ठेवलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते मागच्या सीटवरच्या मुलांच्या मानेवर येतं. चला, वेळ झाली. पुढच्या वेळी हवा उतरवून परत भरायला किती मिनिटं लागतात ते खाली पार्किंगमध्येच करून बघू. ज्यांच्याकडे गेज आहे त्यांनी घेऊन या.