घाटात हॉर्न मुका झाला तर...



गाळप हंगाम आटोपला की आपल्यापैकी बरेच जण सहकुटुंब शिवथरघळीला जातात. सन १९३० मध्ये धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही घळ पुन्हा उजेडात आणली. समर्थांनी दासबोध तेथेच सांगितला अशी श्रद्धा आहे. भोरकडून जायचे तर वरंध घाट उतरावा लागतो. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. तेथे हॉर्न हाच आपला डोळा!

मागे घळीहून परतताना आमच्या जीपचा हॉर्न ऐन घाटात बंद पडला. प्रत्येक वळणावर एक जण खाली उतरून पुढे चालायचा, हात करायचा, मग गाडी निघायची. घरी पोचेपर्यंत जीव मुठीत. दोष निघाला तो केवळ गंजलेल्या वायरीचा!

म्हणून ही तपासणी घरीच करून निघावे.

आवाज अजिबात नसेल तर प्रथम फ्यूज पाहा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घाला. जाड तार गुंडाळू नका, वायरिंग पेटेल. फ्यूज ठीक असेल तर एकाला बटण दाबायला सांगा आणि रिलेजवळ कान द्या. 'टिक्' झाले नाही तर दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा रिलेत. 'टिक्' झाले तर बटण चांगले आहे, पुढे चला.

आता बारा व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर हॉर्नच्या करंटच्या टोकाला, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा व बटण दाबवा. बल्ब लागला नाही तर करंट वाटेतच अडला : रिलेचे पॉइंट किंवा वायर पाहा. बल्ब लागला तर अर्थिंग पॉलिश पेपरने घासा. तरीही आवाज नाही, तर हॉर्नच गेला. त्याच्या आत कॉइल पातळ पत्र्याला ओढते, पॉइंट सुटतात, पत्रा मागे येतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते, म्हणून आवाज. पॉइंट काजळले की तो मुका होतो.

आवाज घोगरा असेल तर बॅटरी व टोके तपासा. हॉर्नमध्ये पाणी शिरू नये म्हणून तोंड खाली ठेवा. हॉर्न थांबतच नसेल तर फ्यूज काढा. बटण किंवा रिले चिकटलेला असतो.

एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग मात्र स्वतः उघडू नका, ते मिस्त्रीचे काम.

आणि हो, दुरुस्तीच्या निमित्ताने गाणारा हॉर्न बसवू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याला मनाई आहे. वळणावर हॉर्न जरूर द्या, घळीपाशी मात्र शांतता राखा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमालकांनीही हंगामापूर्वी एवढे पाहून घ्यावे. खर्च एका बल्बाचा, राखण जिवाची!